मैत्रीचा खर्च

(कार्यकर्त्यांच्या मासिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाला ‘समाजमाध्यमे आणि प्रौढ वयातील मैत्री’ हा विषय तरुण कार्यकर्त्यांनी सुचवला आणि त्यावर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले, याचे मला प्रथम नवल वाटले. शेतमालाचे भाव, साखर कारखान्यांची कर्जे, बँकांचे खाजगीकरण अशा विषयांवर मी आपल्यापुढे पूर्वी बोललो आहे. मैत्री हा कवींचा प्रांत; आकडेमोड करणाऱ्याने त्यात शिरू नये असा संकेत आहे. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्या वस्तूविषयी ‘ही फुकट आहे’ असे सांगितले जाते तिचा खर्च कोण सोसतो हे विचारणे, हेच तर आमच्या शास्त्राचे पहिले काम आहे. मित्रांशी संबंध ठेवणे आज फुकट झाले आहे असे आपणां सर्वांना वाटते. ते खरे आहे काय, एवढाच प्रश्न मी आज हाती घेणार आहे. त्या ओघात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या सभांतून ‘मित्रहो’ या संबोधनाने आरंभ करण्याची प्रथा जुनी आहे. समोर बसलेल्या दीडशे माणसांपैकी वक्त्याच्या ओळखीची दहा-बाराच असत. तरीही तो शब्द खोटा वाटत नसे, कारण आपण एका कामाचे भागीदार आहोत हे त्यात गृहीत धरलेले असे. हाच शब्द २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या संकेतस्थळासाठी उचलला. तेथे मित्र ही मोजण्याची वस्तू झाली. एका माणसाला पाच हजारांपर्यंत मित्र जोडण्याची मुभा मिळाली. पाच हजार मित्र असलेला मनुष्य आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसते, हे मात्र त्या संकेतस्थळाच्या कक्षेबाहेरचे होते.

मैत्री भांडणाने मोडते असा आपला समज असतो. माझा अनुभव असा की, भांडणापेक्षा पत्ता बदलल्याने ती अधिक मोडते. मी १९७९ ते ८१ या काळात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम. ए. केले. वर्गात आम्ही चौतीस जण होतो. रात्र रात्र वाद घालणारे, एका ताटात जेवणारे, एकमेकांचे शर्ट घालून मुलाखतींना जाणारे हे चौतीस जण पुढच्या दहा वर्षांत इतके विखुरले की, कोण कोठे आहे हे सांगता येईना. कोणाशी कोणाचे वाकडे नव्हते. नोकरी लागली, बदली झाली, लग्न झाले, मुलांच्या शाळा, आईवडिलांची दुखणी, घराचे हप्ते. पहिली दोन वर्षे पत्रे आली, मग दिवाळीचे भेटकार्ड, मग तेही थांबले. प्रौढ वयातील मैत्रीचा शेवट असा असतो. त्याला तारीख नसते.

पूर्वी या विखुरण्याला तोंड देण्यासाठी समाजाने काही व्यवस्था उभ्या केल्या होत्या. गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या असत. गावातल्या माणसांनी वर्गणी काढून एक खोली घ्यायची. तीत पाळीपाळीने झोपायचे. गावाहून आलेला नवा पोरगा प्रथम तेथेच उतरायचा. कोणाच्या घरी बारसे झाले, कोणाची म्हातारी गेली, ही वार्ता त्या खोलीत येई. खानावळी होत्या, भजनी मंडळे होती, व्यायामशाळा होत्या. या सर्वांना खर्च येई आणि तो उघडपणे वर्गणीच्या वहीत मांडलेला असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि मित्राला गाठण्याची जी जागा होती ती जागाच उरली नाही. पोस्टाचेही तसेच. १८५४ साली या देशात पत्राला अंतर न पाहता वजनावर सरसकट दर लागू झाला. मुंबईहून पुण्याला जेवढा टपाल-हशील तेवढाच कलकत्त्याला. तोटा सोसून चालवायची ती सार्वजनिक सेवा होती. पन्नास पैशांचे नाणे बाजारात दिसेनासे झाले, तरी पोस्टकार्ड पन्नास पैशांनाच मिळत राहिले होते. आम्ही मात्र ते लिहिणे सोडून दिले होते, तेव्हा पोस्टाला दोष देण्यात अर्थ नाही.

या पार्श्वभूमीवर समाजमाध्यमे आली. सप्टेंबर २०१६ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने फोनसेवा सुरू केली, दरांची चढाओढ लागली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि त्याच दिवाळीत आमच्यापैकी एकाने हिंडून, चौकशा करून व्हॉट्सॲपवर जुन्या वर्गाचा ग्रुप जमवला. चौतिसांपैकी तिघे तोवर निवर्तले होते, चौघांचा पत्ता लागला नाही, सत्तावीस सापडले. पहिल्या आठ दिवसांत आम्ही जे काही लिहिले ते साठीकडे झुकलेल्या माणसांना शोभणारे नव्हते. ग्रंथालयातून पुस्तक फाडून नेणारा तो कोण, याचा उलगडा पस्तीस वर्षांनंतर झाला. त्या आनंदाला मी आजही कमी लेखीत नाही.

याहूनही महत्त्वाचा अनुभव माझ्या पत्नीचा आहे. आम्हा पुरुषांना निदान कट्टा होता, पार होता, कार्यालयातला डबा खाण्याचा टेबल होता. तिच्या पिढीच्या मुलीचे लग्न झाले की गाव बदले, आडनाव बदले, कित्येक घरांत पहिले नावही बदले. अशा मैत्रिणीला शोधायचे तरी कोणत्या नावाने? रत्नागिरीच्या शाळेतील तिच्या वर्गमैत्रिणी एकमेकींना सापडल्या त्या फेसबुकवर कोणी तरी आपले माहेरचे नाव सासरच्या नावापुढे लिहिले होते म्हणून. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा अकरा जणी मिळाल्या. त्यांची पहिली भेट झाली त्या दिवशी आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही, आणि झाला नाही याचे कोणाला काही वाटलेही नाही. ‘बायका दिवसभर फोनमध्ये डोके घालून बसतात’ अशी थट्टा आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतूनही ऐकू येते. ज्यांना कट्टा कधीच मिळाला नाही त्यांनी खिशातला कट्टा मिळवला आहे, एवढे त्या थट्टेखोरांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा हरवलेला माणूस शोधून देणे, त्याची खबरबात कळवणे, हे काम ही माध्यमे उत्तम करतात. किंबहुना मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले होते की, नोकरीची बातमी माणसाला बहुधा जिवलग मित्राकडून मिळत नाही, ती दूरच्या ओळखीकडून मिळते. अशा दूरच्या ओळखी टिकवणे पूर्वी महाग होते, आता स्वस्त झाले. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ओळख स्वस्त झाली म्हणून मैत्रीही स्वस्त झाली काय?

येथे आमच्या शास्त्रातील दोन जुनी पुस्तके मला आठवतात. स्टाफन लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे प्रतिपादन केले की, उत्पादकता वाढते तसतसा माणसाचा वेळ महाग होतो, आणि ज्या गोष्टींना नुसता वेळ लागतो त्या गोष्टींवर माणूस काटकसर करू लागतो. १९७६ साली फ्रेड हर्श यांनी हाच मुद्दा स्नेहसंबंधांना लावला. मित्राकडे जाऊन दोन तास बसणे ही क्रिया यंत्राने जलद होत नाही. विणकराचे काम यंत्रमागाने कित्येक पटींनी वाढवता आले. गप्पांचे तसे नाही. अलीकडे, २०१८ साली, जेफ्री हॉल यांनी कॅन्सस विद्यापीठात याचा हिशेबच मांडला. परका मनुष्य साधा स्नेही होण्यास सुमारे पन्नास तास, मित्र होण्यास नव्वदच्या आसपास, आणि जिवलग होण्यास दोनशेहून अधिक तासांचा सहवास लागतो असे त्यांना आढळले. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २०१६ साली फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी केली. लोकांच्या यादीत सरासरी दीडशेच्या घरात मित्र होते, आणि संकटात ज्यांच्यावर विसंबता येईल असे किती, या प्रश्नाचे सरासरी उत्तर चार होते. ही पाहणी ब्रिटनमधली. तरी आपापल्या फोनमधील यादी काढून आपण प्रत्येकाने हा हिशेब करून पाहावा. माझा आकडा मी करून पाहिला आहे. तो चारच्या वर जात नाही, आणि त्या चारांपैकी एकाविषयी मला आता सांगायचे आहे.

हा माझा वसतिगृहातील खोलीसोबती. एम. ए. झाल्यावर तो चिपळूणला माध्यमिक शाळेत शिक्षक झाला आणि तेथेच निवृत्त झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आमच्या घरात छातीएवढे पाणी सहा दिवस होते. पाणी ओसरले आणि रस्ते उघडले त्याच्या दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ एस. टी. ने दारात उभा. त्याला कोणी बोलावले नव्हते. चार दिवस तो राहिला आणि चारही दिवस माझ्या पुस्तकांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसत बसला. पंधराशे पुस्तकांपैकी चारशे वाचली, ती त्याने वाचवलेली आहेत. त्यानंतर दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सव्वीस जण त्याची चौकशी करीत होते. त्याचा फोन लागेना म्हणून आम्ही सारे कासावीस झालो होतो. दोन दिवसांनी तो सुखरूप असल्याचे कळले. मी त्याला फोनवरून पैसे पाठवले. घाट बंद होता, साथीचे दिवस होते, ही कारणे खरी होती. पण पैसे पाठवायला मला अर्धा मिनिट लागला आणि त्याने मला चार दिवस दिले होते, हेही खरे होते.

या मित्राला एक खोड होती. दररोज पहाटे साडेपाचला तो ग्रुपवर ‘सुप्रभात’ पाठवी. गुलाबाचे फूल, त्याखाली एखादे वचन. बहुधा ते ज्या महापुरुषाच्या नावावर असे त्याने ते कधी उच्चारलेले नसे. आम्ही स्वतःला सुशिक्षित समजणारे लोक अशा संदेशांना हसतो. मीही हसत असे. त्यातच पुढे राजकारणावरून ग्रुपवर भांडणे झाली. कट्ट्यावरच्या भांडणानंतर कोणी तरी चहा मागवतो. येथे पंचवीस प्रेक्षकांसमोर भांडण होते आणि चहा मागवायची सोय नसते. दोघे जण ग्रुप सोडून गेले. मी सोडला नाही, पण त्याचा आवाज बंद केला आणि तो एका कोपऱ्यात टाकून दिला. गुलाबाची फुले येत राहिली. मी ती उघडीत नव्हतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ती यायची थांबली. किती दिवस थांबली हे मला नंतर मोजावे लागले. एकोणीस दिवस. सव्वीस माणसांपैकी एकानेही विचारले नाही की, सात वर्षे न चुकता येणारे फूल आज का आले नाही. महापुराची बातमी दूरचित्रवाणीवर होती म्हणून आम्ही सारे जागे झालो होतो. अर्धांगवायूचा झटका दूरचित्रवाणीवर दाखवीत नाहीत. विसाव्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. फोनने आठवण करून दिली म्हणून कोणी तरी केक पाठवला, पाठोपाठ इतरांनी पाठवले, आणि संध्याकाळी त्याच्या मुलीने दोन ओळींत लिहिले की, बाबा रुग्णालयातून नुकतेच घरी आले आहेत, उजवी बाजू गेली आहे, बोलणे नीट उमटत नाही. त्यानंतर तासाभरात ‘लवकर बरे व्हा’ असे बावीस संदेश आले. जोडलेल्या हातांची चित्रे आली. मीही हात जोडले. माझी पत्नी शेजारी भाजी निवडीत होती. ती एवढेच म्हणाली, “त्यांनी चार दिवस चिखल पुसला आणि तुम्ही हात जोडून मोकळे झालात.”

तिसऱ्या दिवशी मी चिपळूणला गेलो. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता. त्याचे बोलणे त्याच्या मुलीला समजे. ती मला सांगे. मी प्रथम माझ्या अपराधाची भाषा सुरू केली तेव्हा त्याने डाव्या हाताने मला थांबवले आणि फोन मागवला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर संदेश टाकला की तो कोणी कोणी वाचला याची यादी पाहता येते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, मला नव्हते. तो शिक्षक. सात वर्षे तो त्या गुलाबाच्या फुलावर आमची हजेरी घेत होता. संदेश कोणी वाचला आहे ते पाहायचे आणि ज्याचे नाव चार-आठ दिवस दिसत नाही त्याची चौकशी करायची. अशी चौकशी करून त्याने आमच्यातील एका विधुर मित्राला वेळेवर डॉक्टरकडे पोचवले होते, हे मला त्या दिवशी कळले. आणि आणखी एक गोष्ट कळली. २०२२ च्या पावसाळ्यात मी ग्रुप कोपऱ्यात टाकला तेव्हा माझी हजेरी लागेना. तीन आठवडे वाट पाहून त्याने माझ्या पत्नीला फोन केला होता. ‘ते ठणठणीत आहेत, तुमच्या गुलाबांना कंटाळलेत,’ असे तिने सांगितले. तो हसला आणि म्हणाला, ‘मग हरकत नाही वहिनी, फोन केल्याचे त्याला सांगू नका.’ ती बोलली नाही, आणि मला दीड वर्ष पत्ता नव्हता.

मित्रहो, हे मी आपल्याला हळवे करण्यासाठी सांगत नाही. यंत्र दोघांकडे एकच होते. त्याने ते पोस्टकार्डासारखे वापरले. उत्तर आले नाही तर उठून चौकशी करायची या बोलीवर. मी ते वर्तमानपत्रासारखे वापरले. बातमी आली तर वाचायची, नाही आली तर नाही. खर्च तो करीत होता. आम्ही सव्वीस जण त्याच्या खर्चावर ‘आपण एकमेकांच्या संपर्कात आहोत’ या समाधानात होतो.

आता दुसऱ्या खर्चाकडे वळतो. त्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते म्हणून थोडक्यात. व्हॉट्सॲपचे संस्थापक आरंभी जाहिराती घेणार नाही असे सांगत आणि वर्षाला एक डॉलर वर्गणी आकारीत. ही वर्गणी प्रामाणिक होती. गावकीच्या खोलीच्या वर्गणीच्या जातीची. २०१४ साली फेसबुकने ही कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला, २०१६ मध्ये वर्गणी माफ झाली, आणि २०२५ मध्ये तिच्या एका विभागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. मेटा हे नाव धारण केलेल्या या मूळ कंपनीचा २०२४ चा महसूल १६४ अब्ज डॉलरहून अधिक होता. त्यांतले १६० अब्ज जाहिरातींचे. रुपयांत ही रक्कम चौदा लाख कोटींच्या घरात जाते, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजित खर्चाच्या सुमारे दुप्पट. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच बजावले होते की, माहितीची विपुलता झाली की लक्षाची टंचाई होते. टंचाई झालेली वस्तू विकली जाणारच. आपले लक्ष विकले जाते आणि आमिष म्हणून आपलेच मित्र वापरले जातात.

व्हॉट्सॲपवरील संदेशाचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पत्र न वाचणारा पोस्टमनही कोण कोणाला किती वेळा लिहितो हे जाणतो, आणि त्या माहितीलाही बाजारात भाव आहे. २०२१ मध्ये या कंपनीने नव्या अटी पुढे केल्या. पटत नसेल तर सेवा सोडा, असा त्यांचा रोख होता. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, लोकांनी सेवा सोडली का नाही? कुळाला जाच असह्य झाला तरी जमीन सोडून जाता येत नसे, कारण पोट त्या जमिनीवर होते. येथे आपले मित्र त्या जमिनीवर आहेत. २०११ पासून देशभर फोनचा नंबर न बदलता कंपनी बदलता येते. मग मित्रांची यादी घेऊन दुसऱ्या सेवेकडे का जाता येऊ नये? युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या संदेशसेवेची दारे इतर सेवांना उघडण्याचे बंधन घातले आहे. ही मागणी आपल्याकडेही झाली पाहिजे. ज्यांना ती काल्पनिक वाटते त्यांनी ऑर्कुट आठवावे. सप्टेंबर २०१४ अखेर ते बंद झाले आणि लाखो भारतीय तरुणांचा कट्टा मालकाच्या एका निर्णयाने उठला.

आता आपल्या घरातले. कार्यकर्त्यांचा ग्रुप आज प्रत्येक तालुक्यात आहे. पूर्वी बैठकीचा निरोप सायकलवरून घरोघर जाई. निरोप देणारा दोन घोट पाणी पिई, आजारी आईची विचारपूस करी, आणि अमका कार्यकर्ता नाराज आहे ही बातमी घेऊन परत येई. आज निरोप एका क्षणात शंभर जणांना पोचतो, त्यावर चाळीस अंगठे उमटतात, आणि बैठकीला नऊ जण येतात. निरक्षरांनी अंगठा देऊ नये म्हणून ज्यांनी रात्रशाळा चालवल्या त्यांचे वारस आज अंगठा देऊन मोकळे होतात, याचे मला हसू येते आणि वाईटही वाटते. नाराज कार्यकर्ता कोणता हे त्या अंगठ्यांवरून कळत नाही. तो गप्प असतो, आणि गप्प माणूस या यंत्राला दिसत नाही.

ओळखीच्या माणसाकडून आलेला संदेश खरा मानावा ही मैत्रीची सवय आहे, आणि तिचाही गैरवापर होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती, आणि अशी अफवा माणसाच्या हाती पडते ती बहुधा कोणा परिचिताच्याच नावाने. त्या महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास बंदी घातली. तंत्राने जे करता येते ते तेवढेच. ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे आपल्याच मित्राला विचारण्याचा वाईटपणा मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो. तोही मैत्रीचा खर्चच.

माझा मित्र आता थोडा चालतो. सुप्रभातचे फूल पुन्हा येऊ लागले आहे. ते डाव्या अंगठ्याने पाठवायला त्याला बराच वेळ लागतो असे त्याची मुलगी सांगते. आमच्यापैकी जे एका दिवसात चिपळूणला जाऊन येऊ शकतात अशा सात जणांनी पाळ्या लावल्या आहेत. महिन्यातून एक रविवार एकाने जायचे. दोघे जण दोन पाळ्यांनंतर गळले, हे लपवीत नाही. उरलेल्यांना पाच महिन्यांनी एकदा पाळी येते. कराड, पाटण, कुंभार्ली घाट असा रस्ता आहे; ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकीट मला अर्धे पडते, दिवस मात्र पूर्ण जातो. येत्या महिन्यात पाळी माझी आहे आणि ती नेमकी आपल्या अभ्यासवर्गाच्या दिवशी आली आहे. तेव्हा त्या दिवशीची माझी गैरहजेरी अध्यक्षांनी आत्ताच मांडून ठेवावी.